गार हात

बडोद्यातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची उपासना ऐन दुपारी व्हायची, कारण सकाळी ते देऊळ गुजराती मंडळीचं असायचं. आम्ही पोचायचो तेव्हा बाकं आधीच्या माणसांच्या उबेनं गरम असायची, कुठं कुणाचा विसरलेला रुमाल, कुठं पोरानं अर्धी चोखून चिकटवलेली गोळी, आणि फुलदाणीत सकाळची फुलं माना टाकून बसलेली. मंडळी तरी केवढी? रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या नोकऱ्यांपायी नगर-जालन्याकडून आलेली मूठभर कुटुंबं. गुजराती ख्रिस्ती लोकांना आम्ही मराठी, दांडिया बाजारातल्या मराठी लोकांना आम्ही ख्रिस्ती, आणि गावाकडच्या आमच्याच नातेवाइकांना आम्ही गुजराती झालेलो. त्यामुळे त्या गरम बाकांवर टेकलं की सगळ्यांना घरी आल्यासारखं वाटायचं. मला मात्र नाही. मला कुठंच स्वस्थ बसवत नसे. माझा पाय हलत राहायचा, आई पदराआडून चिमटा काढायची, आणि चिमट्यानंतर दुसरा पाय हलू लागायचा.

आम्ही वाडी भागात राहायचो, एका गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. खाली तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्याचं दुकान होतं. दिवसभर त्याची हातोडी ठणठणायची आणि त्या आवाजात आम्ही बोलायचो, जेवायचो, भांडायचो. रविवारी दुकान बंद, तर आमचे आवाज विनाकारण चढेच राहायचे. पपा रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते, रविवारी सकाळी दारात बसून सगळ्यांचे बूट तेच पुसायचे. कोपऱ्यावरून फाफडा यायचा, तो आम्ही आईनं केलेल्या लसणाच्या चटणीशी खायचो, आणि शेजारच्या शिर्केवहिनी हसायच्या की हे कुठलं खाणं. रूथताई गुणगुणत साड्यांना इस्त्री करायची. तिचा गळा इतका गोड की पपाही बूट पुसायचे थांबायचे. आई मटणाचं वाटण वाटता वाटता मोठ्यानं प्रार्थना करायची, आणि त्या प्रार्थनेत मधेच 'शमू, खोबरं आण' असंही यायचं.

माझं रविवारचं काम बाजाची पेटी आणण्याचं. देवळात उंदीर फार, म्हणून मंडळीची पेटी आढाव अण्णांच्या घरी दांडिया बाजारात ठेवलेली असे. ती खांद्यावर घेऊन अण्णांबरोबर देवळापर्यंत चालत जायचं. अण्णा मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मंडळीचं गाणं तेच चालवायचे, नाताळात झांजा-ढोलकीवर कीर्तन करायचे तर दांडिया बाजारातली हिंदू माणसंसुद्धा गॅलरीत येऊन उभी राहायची. मी पोचायचो तेव्हा अण्णा गॅलरीत खिळ्याला आरसा टांगून दाढी करत असायचे. सकाळी नाही, उपासनेच्या तोंडावर. मी घाई करायचो, अण्णा, उशीर होतोय. ते गाल फुगवून आरशातूनच सांगायचे, "सकाळची दाढी दुपारपर्यंत शिळी होते, शमू. माणसांसमोर शिळ्या तोंडानं गेलेलं चालतं. प्रभूच्या मेजाजवळ नाही." मग तुरटी फिरवायची, तोंड पुसायचं, आणि माझ्याच गालावर चापटी मारून म्हणायचं, "चाल, दीकरा." त्या वेळी मला ते सगळे म्हाताऱ्याचे नखरे वाटायचे.

त्या वर्षी आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, उत्साही, घामानं भिजलेले. त्यांनी आल्या आल्या कृपादानांवर उपदेश केला. प्रत्येक विश्वासणाऱ्याला देवाच्या आत्म्यानं काहीतरी दिलेलं आहे, ते ओळखा, लपवू नका, मिरवूही नका, मंडळीच्या उपयोगी आणा, असं त्याचं सार. मिरवू नका हे शेवटचं वाक्य बहुतेकांनी ऐकलं नसावं. पुढच्या रविवारपर्यंत मंडळीत शिकवण्याचं दान सापडलेली इतकी माणसं झाली की शिकायला कुणी उरलं नाही. मोठ्या कारखान्यात फोरमन असलेल्या रणपिसेकाकांना उपदेशाचं दान असल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं. रूथताईचं तर काय, सगळ्यांना ठाऊकच होतं. पाळकसाहेबांनी सांगितलेल्या दानांत एक 'साहाय्य करणं' असंही होतं. त्याच्यावर मात्र कुणी हक्क सांगितला नाही. मीही नाही. मी तेव्हा कॉलेजात नुकता जाऊ लागलेला, मिसरूड फुटलेलं, आवाज फाटका, उभा राहिलो की वाक्य अर्धवट तुटायचं. मला वाटायचं, देवानं वाटावाटी केली तेव्हा मी बहुधा पेटी आणायला गेलेलो असणार.

परवा माझ्या नातीनं फोनवर असलीच एक चाचणी माझ्याकडून सोडवून घेतली. प्रश्नांवर बोट टेकवत जायचं आणि शेवटी तुमचं आत्मिक दान समोर येतं. माझं 'प्रशासन' आलं. माझं कपाट उघडलं की कपडे अंगावर कोसळतात हे त्या फोनला कुणी सांगितलं नव्हतं. नात म्हणाली, आजोबा, तुम्ही खरी उत्तरं दिली नाहीत. मी म्हटलं, खरी उत्तरं मला तुझ्या वयात तरी कुठं ठाऊक होती.

मे महिन्यात घरसभेची पाळी आमच्याकडे आली. आमच्यात रीत अशी की घरसभेत शेवटची प्रार्थना त्या घरातल्या धाकट्यानं करायची. त्या संध्याकाळी उकाडा असा की भिंतींनाही घाम फुटावा. आईनं मला सरबताच्या कामाला लावलं होतं. गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी बत्त्यानं फोडायची आणि ते तुकडे पातेल्यात टाकायचे. आत भजन रंगलेलं, अण्णांची पेटी, रूथताईचा आवाज. तेवढ्यात शिर्केवहिनी त्यांच्या लहानग्या छकुलीला खांद्यावर टाकून दारात आल्या. पोरीला सकाळपासून ताप होता, डॉक्टरचं औषध दिलेलं, पण ती डोळे उघडत नव्हती. "तुमचं भजन ऐकू येत होतं, म्हटलं हिच्यासाठी पण बोला ने काहीतरी," असं म्हणत त्यांनी पोरीला पुढं केलं. पाळकसाहेब म्हणाले, घरातला धाकटा प्रार्थना करेल. शमू, ये. तिच्या डोक्यावर हात ठेव.

मी तसाच उठून आलो आणि हात ठेवला. प्रार्थना काय केली ते खरंच आठवत नाही. बर्फ वितळतोय एवढंच डोक्यात होतं. छकुलीनं डोळे उघडले, "गार," म्हणाली, आणि पाणी मागितलं. शिर्केवहिनी तिथंच खाली बसल्या आणि रडू लागल्या. कुणीतरी मोठ्यानं प्रभूची स्तुती केली, मग सगळ्यांनीच केली. सकाळी छकुली गॅलरीत भातुकली मांडून बसली होती.

मी आईला त्याच सकाळी सांगितलं, आई, माझे हात बर्फात होते गं. ती पोळी लाटत होती, लाटणं न थांबवता म्हणाली, "मग बर्फ कुणी पाठवला?" पपांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "बर्फ असो, औषध असो, देव असो, पोरगी बरी झाली. सारू, चांगलं झालं. आता ह्याला अभ्यासाला बसू द्या." पण ते इतकं सहज थांबणार नव्हतं. रणपिसेकाकांनी मनावर घेतलं. उपदेशाचं दान त्यांचं, बरं करण्याचं दान माझं, अशी त्यांनी जोडी जमवली. कुणाची कंबर धरलीय, कुणाच्या पोराला परीक्षेची धडकी भरलीय, कुणाला मूल होत नाहीये, रणपिसेकाका स्कूटर घेऊन गल्लीच्या तोंडाशी हजर. "शमू, बोलावणं आलंय!" अशी आरोळी खालून यायची आणि भांडी ठोकणारासुद्धा हातोडी थांबवून वर बघायचा.

आई सुखावली होती. तिचा धाकटा, न स्थिरावणारा पोरगा देवाच्या कामाला लागला होता. ती माझा शर्ट आदल्या दिवशी कडक इस्त्री करून ठेवायची. आणि मी? मला झोप लागेनाशी झाली. मी उठसूट तळहात बघायचो. कधी वाटायचं ते खरोखर वेगळे आहेत, जरा ऊन लागताहेत, कधी वाटायचं हे तर तेच हात, ज्यांनी काल सायकलची चेन बसवली. ज्यांना बरं वाटायचं ते माझे पाय धरायला यायचे, ते मला सहन व्हायचं नाही. ज्यांना बरं वाटायचं नाही ते समजूतदारपणे म्हणायचे, आमचाच विश्वास कमी पडला. हे तर त्याहून सहन व्हायचं नाही. माझ्या गार हाताचा हिशेब त्यांनी का चुकता करावा? एका दुपारी दांडिया बाजारातली एक आजी नारळ आणि उदबत्त्या घेऊन आमच्या दारात बसली, महाराज कधी येतील म्हणून विचारत. पपांनी तिला चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. कॉलेजात पोरं डोकं पुढं करायची, "एय बापजी, जरा माथे हाथ मूक ने, काले गणितनी परीक्षा छे." मी हसायचो आणि घरी येऊन साबणानं हात धुवायचो. पुन्हा पुन्हा.

पपा बोलणारे नव्हते. एकदा बूट पुसता पुसता एवढंच म्हणाले, "वर्कशॉपात नवा पोरगा येतो ना, तो पान्यानंच खिळा ठोकतो. ठोकला जातो. पण पाना त्यासाठी नसतो. कशासाठी असतो ते त्याला बोल्ट समोर आल्यावर कळतं." मी म्हटलं, आणि बोल्ट समोर आलाच नाही तर? ते म्हणाले, पुढचा बूट दे.

नवरात्राच्या दिवसांत अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बाहेर गरब्याचे भोंगे चालू होते आणि आत खाटेवर अण्णा डाव्या हाताची बोटं चादरीवर आपटत होते. मला वाटलं, ताल धरताहेत. आढावकाकू म्हणाल्या, नाही रे, चिडलेत. त्यांचा मुलगा वसंत वाघोडियाच्या कारखान्यात पाळीवर, तिकडेच खोली घेऊन राहणारा, मिळेल तेव्हा धावत यायचा. बाकी सगळं काकूंवर. मंडळी रोज यायची. रणपिसेकाका उंच आवाजात प्रार्थना करायचे, जणू अण्णांचे कान गेले होते. आणि शेवटी सगळे माझ्याकडे बघायचे. मी अण्णांच्या कपाळावर हात ठेवायचो. छकुली माझ्यासाठी शेजारची पोर होती. अण्णा म्हणजे अण्णा. ह्यांच्यासाठी तरी ते खरं ठरू दे, अशी मी जिवाच्या आकांतानं प्रार्थना करायचो. ते दान माझं नसेल तर उसनं दे, आणि ह्यांना उठवून परत घे, असं सौदा केल्यासारखं म्हणायचो. अण्णांचा हात हलायचा नाही. ते माझ्याकडे टक लावून बघायचे, काहीतरी मागत असल्यासारखे, आणि मग तोंड भिंतीकडे फिरवायचे.

मग ती गोष्ट घडली जिनं मंडळी हादरली. महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेब उपासनेनंतर प्रभुभोजन घेऊन अण्णांच्या घरी गेले. भाकरीचा तुकडा ओठांशी नेला तर अण्णांनी ओठ घट्ट मिटले. काकूंनी विनवलं. अण्णांनी डाव्या हातानं तोंड झाकून घेतलं आणि भिंतीकडे वळले. मेजापाशी ज्यांनी इतकी वर्षं गाणं चालवलं त्यांनी मेज नाकारलं! मंडळीत कुजबुज सुरू झाली. दुखण्यानं विश्वास ढळला म्हणे. देवावर रुसले म्हणे. रणपिसेकाका मला स्कूटरवर मागं बसवून म्हणाले, "शमू, आता नुसत्या शरीराचा प्रश्न नाही. पुढच्या भोजनाच्या रविवारी सगळी मंडळी त्यांच्या घरी जमेल. उपास धर. तुझ्या हातून झालं पाहिजे." काकूंना कुणी स्पष्ट बोलत नव्हतं, पण त्यांच्या डोळ्यांना डोळा देणं माणसांनी टाळायला सुरुवात केली होती, आणि त्यांना ते कळत होतं. नवऱ्याच्या अर्ध्या अंगापेक्षा ह्यानंच त्या वाळत चालल्या होत्या.

तो महिना मी कसा काढला ते मला विचारू नका. उपास धरला आणि दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊन जिन्यात बसलो. पळून जावं असं वाटायचं. गाडी पकडून गावाकडे आजोळी जायचं आणि तिथं कुणालाही हात लावायचा नाही. आज ह्या वयात मी म्हणेन की माझी तगमग अण्णांसाठी होती तितकीच माझ्यासाठीही होती. अण्णा उठले नाहीत तर मी कोण, हा प्रश्न मला जाळत होता. देवाचं देणं आणि आपलं नाव एकमेकांत असं गुंतलं की सोडवता सोडवत नाही.

तो रविवार उजाडला. पेटी आणायला मी नेहमीप्रमाणे निघालो, दांडिया बाजारात शिरलो, जिना चढलो. काकू म्हणाल्या, "आज तरी घेतील का रे भोजन? तू सांग ने त्यांना, तुझं ऐकतील." मी आत गेलो. गॅलरीत आरसा अजून खिळ्याला टांगलेला होता, धुळीनं आंधळा झालेला. तरी उन्हाचा एक कवडसा त्यावरून आत येऊन अण्णांच्या भिंतीवर पडला होता, बरोबर तिथं, जिकडे ते तोंड फिरवून पडायचे. अण्णा त्या कवडशाकडे बघत होते आणि डावा हात गालावरून फिरवत होते. उलटा, सुलटा. पांढरी दाढी चांगली बोटभर वाढलेली, तिच्यात सकाळच्या खिमटीची शितं अडकलेली. खाली देवळाकडे निघालेल्या कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज आला तसं त्यांनी तोंड झाकलं. मी दारात उभा राहिलो आणि मला माझीच लाज वाटली. इतके दिवस त्या कपाळावर हात ठेवून डोळे मिटत होतो. डोळे उघडे ठेवले असते तर कपाळाच्या खाली काय आहे ते दिसलं असतं.

"काकू, अण्णांची दाढी कुणी केली नाही?"

"केली असती रे. न्हावी बोलावला होता. ह्यांनी वाटी उडवून दिली, त्याला जवळ येऊ देईनात. सगळं आयुष्य स्वतःच्या हातानं केलेला माणूस. परक्याचा हात नको वाटला असेल. मग मी पण म्हटलं, राहू दे, आता कुणाला दाखवायचंय?"

"गरम पाणी द्या," मी म्हटलं.

"आणि पेटी? उपासनेची वेळ झाली ने."

मी पेटीकडे पाहिलं. कोपऱ्यात कापड पांघरून बसलेली. ती वेळेवर पोचवणं एवढंच माझं मंडळीतलं खरं काम होतं, आणि ते मी कधी चुकवलं नव्हतं. "आज बिनपेटीचं गातील," मी म्हटलं.

कपाटातून अण्णांची पितळेची वाटी काढली, ब्रश, रेझर, तुरटीचा खडा. आरसा पुसून त्यांच्या समोर लावला. रेझर दिसताच अण्णांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. त्या हातात अजून चांगलीच ताकद होती. मी म्हटलं, "अण्णा, मला नीट येत नाही. माझीच हनुवटी बघा, कालच कापलीय. तुमचंही थोडं कापेल. पण शिळ्या तोंडानं मेजाजवळ जायचं नाही ना?" त्यांचा चेहरा एकदम वाकडातिकडा झाला. झटक्यानं वाकडा झालेला तो वेगळा, हा वेगळा. डाव्या डोळ्यातून पाणी कानाकडे वाहिलं. मनगट सुटलं.

माझे हात भीतीनं गार पडले होते, म्हणून आधी ते गरम पाण्यात बुडवून ठेवले. मग कात्रीनं केस कमी केले, फेस केला, लावला. उजवा गाल लोंबत होता, त्याच्यावरून पातं फिरवायचं तर कातडी ओढून धरावी लागत होती. एक हात गालफडावर, अंगठा कानाजवळ, दुसऱ्या हातात रेझर. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती पुसायची, पुन्हा फेस लावायचा. हनुवटीच्या खड्ड्यात मी कापलंच. अण्णांनी घशातून आवाज काढला. मी घाबरून बघितलं तर ते हसत होते, अर्ध्या तोंडानं. मी तुरटी लावली. मग जाणवलं की बराच वेळ माझा पाय हललेला नाही. देवाशी काही बोलायचंही मला सुचलं नव्हतं. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. अण्णांनी डावा हात गालावरून फिरवला, उलटा, सुलटा, आणि मग माझ्या गालावर एक चापटी मारली.

उपासना सुटली आणि सगळी मंडळी जिना चढून आली. पुढे रणपिसेकाका. "पेटी कुठाय? बिनपेटीचं गायला लागलं, एकाचा सूर दुसऱ्याला नाही!" असं म्हणत ते आत आले आणि थबकले. अण्णा उशीला टेकून बसले होते, स्वच्छ शर्ट, हनुवटीवर कापसाचा बोळा, केस विंचरलेले. पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा पुढं केला. अण्णांनी तोंड उघडलं. थोडा द्राक्षरस ओठाच्या कोपऱ्यातून ओघळला, तो मी टॉवेलानं टिपला. काकू सगळ्यांसमोर मान ताठ करून उभ्या होत्या, आणि लोक आता त्यांच्याकडे बघत होते.

मग रणपिसेकाका गहिवरून म्हणाले, "शमू, हीच वेळ आहे. ये, हात ठेव."

"ठेवून झाला, काका," मी म्हटलं.

अण्णा उठले नाहीत. त्यांचा उजवा हात शेवटपर्यंत तसाच राहिला, वाचाही आली नाही. मी दर रविवारी उपासनेच्या आधी दाढी करायला जायचो, हळूहळू कापणं कमी झालं. उन्हाळा लागायच्या आत ते प्रभूकडे गेले तेव्हाही ती मीच केली. त्या वेळी वाटी धरायला वसंत होता. मंडळीत मात्र बोललं गेलं की शमूचं दान गेलं. कुणी म्हणालं, उपास मोडला म्हणून गेलं. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी येईनाशी झाली. आई स्वयंपाकघरात पाठ करून रडली, आणि माझा शर्ट पुन्हा इतर शर्टांबरोबर दोरीवर चुरगळू लागला. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. माणसाला बोलावण्याची सवय लागते. पण झोप येऊ लागली होती.

पावसाळ्यानंतरची एक दुपार. खाली हातोडी चालू होती. जिन्यात पावलं वाजली, थांबली, पुन्हा वाजली. दारात रणपिसेकाका उभे होते. आरोळी न देता आलेले मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. त्यांचे म्हातारे वडील गावाहून आणलेले होते आणि अंथरुणाला खिळले होते, एवढं मला ठाऊक होतं. काकांनी मागं वळून जिन्यात कुणी नाही ना ते पाहिलं, आणि त्यांच्या त्या उपदेशाच्या आवाजाचं पार कुजबुजणं करून म्हणाले, "शमू, बाबांच्या पायाची नखं फार वाढलीत रे. मांसात चाललीत. मला... मला जमत नाही. किळस येते. माझ्या बापाची मला किळस येते." आणि ते भिंतीला धरून उभे राहिले.

"कोण आलंय?" आई आतून म्हणाली.

मी चपला शोधत होतो. म्हटलं, "बोलावणं आलंय, आई."

ती हात पुसत बाहेर आली. रणपिसेकाकांकडे बघितलं, त्यांचे खाली गेलेले डोळे बघितले, मग माझे रिकामे हात. आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज झाला, आणि पपांसाठी जपून ठेवलेला कोरा टॉवेल तिनं माझ्या हातात दिला.